युद्धकाळातील फिरत्या कँटीनचे जुने छायाचित्र कसे ओळखावे

दुसऱ्या महायुद्धातील छायाचित्रांत एक दृश्य वारंवार आढळते. गाडीची बाजूची फळी छपरासारखी वर उचललेली असते, आत तोटीचा मोठा पिंप दिसतो, काउंटरमागे एखादी गणवेशातील स्त्री उभी असते आणि समोर मग हातात घेतलेल्या सैनिकांची रांग असते. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी एरिट्रिया, उत्तर आफ्रिका, इटली आणि ब्रह्मदेश अशा दूरदूरच्या आघाड्यांवर लढल्या असल्यामुळे अशी छायाचित्रे मराठी घरांतील जुन्या अल्बममध्येही निघू शकतात. त्यांच्याखाली बहुधा 'चहा घेणारे जवान' यापलीकडे काही लिहिलेले नसते. अशा छायाचित्राची ओळख पटवताना तीन प्रश्न सुरुवातीपासूनच वेगळे ठेवावेत: गाडी कोणी दिली, ती कोणी चालवली आणि तिच्यावर कोणाची सोय झाली. तिन्हींची उत्तरे अनेकदा वेगवेगळी असतात, आणि एकच छायाचित्र तिन्ही उत्तरे देईल अशी शक्यता फार कमी असते. चुकीच्या ओळी लिहिल्या जातात त्या बहुतेक वेळा पहिल्या प्रश्नाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी बसवल्यामुळे.

मुळात ही गाडी कँटीनच आहे का, हे आधी ठरवावे. सैन्याचे स्वतःचे रणांगणावरील स्वयंपाकघर शिध्याचे जेवण शिजवते. ब्रिटिश सैन्यात त्यासाठी १९४१ मध्ये आर्मी केटरिंग कोअर हे स्वतंत्र दल उभारण्यात आले. कँटीनची गाडी शिध्याव्यतिरिक्तच्या गोष्टी पुरवते: चहा, केक, सिगारेटी, साबण, दाढीची पाती, लिहिण्याचे कागद. उघड्यावर मांडलेल्या चुली, मोठी पातेली आणि जेवणाचे डबे दिसत असतील तर ते बहुधा स्वयंपाकघर असते. बंद बॉडी, आडवा काउंटर आणि मागे फळ्यांवर रचलेला माल असेल तर कँटीन. सोयीच्या इतर गाड्याही याच गर्दीत मिसळलेल्या असतात. फिरते चित्रपटगृह, फिरते ग्रंथालय, आंघोळीची आणि कपडे धुण्याची पथके या सर्वांचा त्यात समावेश होतो. पहिल्या महायुद्धात फ्रान्समधील कॅले येथे फर्स्ट एड नर्सिंग योमनरी या स्वयंसेवी पथकाच्या स्त्रियांकडे 'जेम्स' नावाची आंघोळीची मोटार होती, हे लक्षात ठेवले तर कापडी टब आणि नळ्यांनी भरलेली गाडी पाहून गोंधळ होणार नाही.

याहून मोठा गोंधळ नागरी कँटीनचा असतो. ब्रिटनमध्ये बॉम्बहल्ल्यांच्या काळात अगदी अशाच गाड्या बेघर झालेल्या नागरिकांना आणि अग्निशमन दलाच्या लोकांना चहा देत असत. लेडी रीडिंग यांनी १९३८ मध्ये स्थापन केलेल्या विमेन्स व्हॉलंटरी सर्व्हिसेसच्या गाड्या दोन्ही कामे करीत. म्हणून रांगेत कोण आहे ते एकेक चेहरा आणि टोपी पाहून तपासावे. शिरस्त्राण घातलेला प्रत्येक माणूस सैनिक नसतो.

आता प्रत्यक्ष छायाचित्राकडे वळावे. ते अल्बममधून ओढून काढू नये. शक्य असेल तर अल्बमच्या पानासकट आणि नंतर सुटे, असे दोन्ही प्रकारे, किमान ६०० डीपीआय घनतेने स्कॅन करावे. मागील बाजू तितक्याच काळजीने स्कॅन करावी, कारण स्टुडिओचा शिक्का, सेन्सॉरची सही किंवा पेन्सिलने लिहिलेला क्रमांक तेथेच असतो. छायाचित्र अधिकृत असेल तर त्याचा क्रमांक फार मोलाचा ठरतो. लंडनच्या इम्पीरियल वॉर म्युझियमच्या संग्रहात क्रमांकाआधीची रोमन अक्षरे छायाचित्राचा उगम सांगतात: 'एच' म्हणजे ब्रिटनमधील सैन्य, 'डी' म्हणजे माहिती मंत्रालयाची ब्रिटनमधील छायाचित्रे, 'सीएच' म्हणजे ब्रिटनमधील हवाई दल, 'ई' म्हणजे मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिका, 'एनए' म्हणजे उत्तर आफ्रिकेच्या अखेरीपासून इटलीपर्यंत, 'बी' म्हणजे १९४४ नंतरचा वायव्य युरोप, 'एसई' म्हणजे आग्नेय आशिया आणि 'आयएनडी' म्हणजे भारत. असा क्रमांक सापडला तर स्थळाचा शोध निम्म्याहून अधिक सोपा होतो.

क्रमांक नसेल, तर गाडी वाचावी लागते. माझा आग्रह असा की माणसांआधी चाके, बोनेट आणि चॅसी पाहावी, कारण माणसे ठिकाण बदलतात, टोप्या बदलतात, पण बोनेटचा आकार बदलत नाही. ब्रिटनमधील कँटीनच्या छायाचित्रांत फोर्डसनची ई८३डब्ल्यू ही दहा हंड्रेडवेटची, म्हणजे अर्ध्या टनाची, छोटी व्हॅन वारंवार भेटते. ती १९३८ ते १९५७ या काळात तयार होत होती आणि तिचे इंजिन ११७२ सीसीचे होते. इंजिन पुढे आणि एका बाजूला सरकवलेले असल्याने चालक जवळजवळ त्याच्या शेजारी बसत असे, आणि म्हणून तिचे नाक आखूड दिसते. हेन्री आणि एडसेल फोर्ड यांनी याच गाडीवर बांधलेल्या आपत्कालीन अन्नव्हॅन ब्रिटनला भेट दिल्या आणि त्या निरनिराळ्या सेवाभावी संस्थांनी चालवल्या. गाडी ओळखू आली म्हणून संस्था ओळखू आली असे होत नाही, याचे हे उत्तम उदाहरण आहे. शिवाय उत्पादनाचा काळ इतका लांब आहे की केवळ मॉडेलवरून '१९३८ पूर्वीची नाही' एवढेच फार तर म्हणता येते.

अमेरिकन रेड क्रॉसच्या 'क्लबमोबाइल' गाड्यांची गोष्ट वेगळी आहे. तेथे गाडीवरूनच काळाचा अंदाज बांधता येतो. ब्रिटनमधील रेड क्रॉसचे आयुक्त हार्वे गिब्सन यांच्या कल्पनेतून १९४२ मध्ये या गाड्या सुरू झाल्या. लंडनच्या ग्रीन लाइन सेवेच्या बसगाड्या बदलून त्यांत डोनट तळण्याचे यंत्र, कॉफीची सोय, ग्रामोफोन आणि ध्वनिक्षेपक बसवण्यात आले होते. नॉर्मंडीच्या चढाईनंतर युरोपच्या मुख्य भूमीवर मात्र अडीच टनांच्या जीएमसी ट्रकवर बांधलेल्या गाड्या गेल्या. म्हणून बसची लांब बॉडी दिसली तर प्रथम ब्रिटनचा विचार करावा आणि लष्करी ट्रकचे नाक दिसले तर १९४४ च्या उन्हाळ्यानंतरच्या फ्रान्स, बेल्जियम किंवा जर्मनीचा. चालक कोण आहे हेही पाहावे: ब्रिटनमध्ये बस बहुधा ब्रिटिश चालक चालवीत, तर मुख्य भूमीवर रेड क्रॉसच्या स्त्रिया स्वतः ट्रक चालवीत. या गाड्यांच्या बाजूला अमेरिकन शहरांची आणि राज्यांची नावे असत. ती पाहून गाडी अमेरिकेत होती असे समजणे ही हमखास होणारी चूक आहे.

नंबरप्लेट दिसत असेल तर ती मोठी करून पाहावी. ब्रिटिश सैन्याच्या गाड्यांवर क्रमांकाआधी प्रकाराचे अक्षर असे: पाऊण टनापर्यंतच्या ट्रकसाठी 'झेड', त्याहून मोठ्या लॉरीसाठी 'एल', मोटारीसाठी 'एम', रुग्णवाहिकेसाठी 'ए'. हवाई दलाच्या गाड्यांवर 'आरएएफ' ही अक्षरे असत. सेवाभावी संस्थांच्या अनेक गाड्या मात्र नागरी क्रमांकावरच धावत, आणि तीन अक्षरी ब्रिटिश क्रमांकात शेवटची दोन अक्षरे नोंदणीचे ठिकाण सांगतात. उदाहरणार्थ 'एचपी' म्हणजे कॉव्हेंट्री. हा पुरावा जपून वापरावा. गाडी जेथे बांधली किंवा विकत घेतली तेथे तिची नोंदणी होऊ शकते, आणि तिचे काम शेकडो मैल दूर चालू असू शकते.

काळ ठरवण्यासाठी रंगाच्या खुणा उपयोगी पडतात. ब्रिटनमध्ये १ सप्टेंबर १९३९ पासून ब्लॅकआउट, म्हणजे हवाई हल्ल्यांपासून बचावासाठी दिवे झाकण्याचा नियम, लागू झाला. त्यानंतर हेडलाइटवर फटी असलेले झाकण आणि बंपर, मडगार्ड व फूटबोर्डच्या कडांवर पांढरा रंग दिसू लागतो. सप्टेंबर १९४४ मध्ये निर्बंध सैल झाले, पण रंग लगेच कोणी खरवडून काढला नाही, त्यामुळे या खुणेची सुरुवातीची सीमा पक्की आणि शेवटची सीमा ढिली आहे. १९४० मध्ये जर्मन आक्रमणाच्या भीतीने ब्रिटनमध्ये मार्गदर्शक फलक काढण्यात आले आणि गावांची नावे झाकण्यात आली. गाडीच्या बाजूला मजकुराच्या मधोमध पुसलेली किंवा रंगवलेली पट्टी दिसली तर हे कारण आठवावे. पाच टोकांचा मोठा पांढरा तारा दोस्त सैन्यांच्या सर्वच गाड्यांवर नॉर्मंडीच्या काळात सर्रास होता, म्हणून केवळ ताऱ्यावरून गाडी अमेरिकन ठरवू नये. आणि छापून आलेल्या छायाचित्रात बंपरवरील चिन्हाची जागा कोरी असेल तर तेथे चिन्ह नव्हतेच असे मानू नये. सेन्सॉर अशी चिन्हे पुसून टाकीत असत.

यानंतर बोधचिन्हे. वायएमसीएचा खाली टोक असलेला लाल त्रिकोण, साल्व्हेशन आर्मीची लाल ढाल, टॉक एचचा दिवा (या तिन्ही ख्रिस्ती सेवाभावी संस्था) आणि १९२१ पासून ब्रिटिश सैन्याची दुकाने व उपाहारगृहे चालवणाऱ्या नाफी संस्थेची मोठी अक्षरे ही प्रमुख चिन्हे होत. कृष्णधवल छायाचित्रात लाल रंग कसा दिसेल हे फिल्मवर अवलंबून असते. हौशी छायाचित्रकारांत लोकप्रिय असलेली कोडॅकची व्हेरिक्रोम ही ऑर्थोक्रोमॅटिक, म्हणजे लाल रंग न टिपणारी, फिल्म १९३१ पासून १९५६ पर्यंत मिळत होती, आणि अशा फिल्मवर लाल जवळजवळ काळा उमटतो. सर्व रंग टिपणाऱ्या पॅनक्रोमॅटिक फिल्मवर तोच लाल करडा दिसतो. त्यामुळे काळा त्रिकोण पाहून दुसऱ्याच एखाद्या संस्थेचा शोध घेत बसू नये.

बाजूवर रंगवलेला सर्वांत मोठा मजकूर बहुधा देणगीदाराचा असतो. वसाहतींतील लोक, कामगार, शाळा आणि अमेरिकेतील ब्रिटिश वॉर रिलीफ सोसायटीसारख्या संस्था गाड्यांसाठी पैसा देत आणि त्यांचे नाव ठळक अक्षरांत लिहिले जाई. चालवणाऱ्या संस्थेचे नाव दारावर, काउंटरच्या फळीच्या कडेला किंवा केवळ कर्मचाऱ्यांच्या बाहीवर असते. म्हणून मोठी अक्षरे वाचून झाल्यावर छोटी अक्षरे शोधावीत.

माणसांच्या गणवेशात एक विशेष सापळा आहे. आघाडीवर जाणारे नाफीचे पुरुष कर्मचारी एक्स्पिडिशनरी फोर्स इन्स्टिट्यूट्स या शाखेत सैनिक म्हणून भरती होत आणि त्यांच्या डोक्यावर रॉयल आर्मी सर्व्हिस कोअर या सैन्याच्या पुरवठा दलाचा बिल्ला असे. काउंटरमागे सैनिक उभा आहे म्हणून ते सैन्याचे स्वयंपाकघर आहे, असा निष्कर्ष तेथे फसतो.

ब्रह्मदेशच्या आघाडीवरील छायाचित्रांसाठी विमेन्स ऑक्झिलरी सर्व्हिस (बर्मा) हे नाव सर्वांत आधी तपासावे. सैनिक या स्त्रियांना 'वॉझबी' म्हणत. जानेवारी १९४२ मध्ये उभे राहिलेले हे दल सुरुवातीला सांकेतिक संदेशांसारखी कार्यालयीन कामे करीत होते. ब्रह्मदेशातून माघार घ्यावी लागल्यावर भारतात निनियन टेलर यांच्या नेतृत्वाखाली त्याची पुन्हा बांधणी झाली आणि जनरल स्लिम यांच्या चौदाव्या आर्मीला कँटीन पुरवणे हे त्याचे मुख्य काम बनले. सैन्य पुढे सरकले तसतशा त्यांच्या गाड्याही इंफाळच्या परिसरातून मध्य ब्रह्मदेशाकडे सरकल्या. दल १९४६ मध्ये विसर्जित झाले, त्यामुळे १९४२ ते १९४६ या काळाबाहेरची तारीख कोणी सुचवली तर ती नाकारता येते. त्यांच्या बिल्ल्यावर चिंथे हा ब्रह्मी मंदिरांसमोर दिसणारा सिंहसदृश प्राणी आहे. ब्रह्मदेशात शत्रूच्या पिछाडीला लढलेल्या विंगेट यांच्या चिंडिट सैनिकांच्या चिन्हातही हाच प्राणी असल्याने अस्पष्ट बिल्ल्यावरून घाईने निर्णय घेऊ नये. स्त्रीच्या टोपीवर तो असेल तर मात्र वॉझबीची शक्यता बळकट होते.

भारतीय सैनिकांची रांग असेल तर आणखी एक शक्यता जमेस धरावी. देशात चहाचा प्रसार करणाऱ्या इंडियन टी मार्केट एक्स्पान्शन बोर्डाच्या चहागाड्याही युद्धकाळात भारतीय पलटणींना चहा पाजीत होत्या. तेथे काउंटरमागे स्त्रिया असतीलच असे गृहीत धरू नये.

सोय कोणाची झाली याचे उत्तर सैनिकांच्या दंडावरील डिव्हिजनच्या चिन्हात मिळते. चौथ्या भारतीय डिव्हिजनचा लाल गरुड आफ्रिका आणि इटलीकडे नेतो. सतराव्या डिव्हिजनचे काळे मांजर आणि सातव्या डिव्हिजनचा सोनेरी बाण ब्रह्मदेशच्या आघाडीकडे. पाचव्या डिव्हिजनचा तांबडा गोळा एकटा पुरेसा नाही, कारण ती डिव्हिजन आधी आफ्रिकेत आणि नंतर ब्रह्मदेशात लढली. तेथे कपडे, झाडी आणि जमीन यांची साक्ष काढावी.

काउंटरवर काय आहे तेही एकदा पाहून घ्यावे. दरपत्रक किंवा नाणी दिसली तर विक्री चालू आहे. क्लबमोबाइलवर डोनट आणि कॉफी मोफत मिळत असल्याने तेथे दरपत्रक अपेक्षित नाही. सैनिकांच्या हाती स्वतःचे इनॅमलचे मग आहेत की संस्थेचे कप, यावरून आघाडीपासूनच्या अंतराचा अंदाज लावण्याचा मोह होतो, पण माझ्या मते तो पुरावा फार कच्चा आहे.

शेवटी ओळ लिहिताना प्रत्येक दाव्यापुढे त्याचा आधार लिहावा. 'फोर्डसन ई८३डब्ल्यू, बोनेटवरून निश्चित; वायएमसीए, दारावरील त्रिकोणावरून निश्चित; ब्रिटन, १९३९ नंतर, हेडलाइटच्या झाकणावरून; देणगीदाराचे नाव अर्धवट वाचता येते; रांगेतील पलटण अज्ञात' अशी ओळ रूक्ष वाटली तरी पुढच्या शोधकाला ती कोठे खणायचे ते दाखवते. अंदाज आणि निश्चित माहिती एकाच वाक्यात मिसळू नयेत. मूळ छायाचित्राच्या मागे शाईने काही लिहू नये. लिहायचेच असेल तर मऊ पेन्सिलने, कडेला, क्रमांकापुरते लिहावे आणि सविस्तर टिपण स्कॅनच्या फाइलसोबत ठेवावे.