माणग्याची टोपली आणि ती पोरांना शिकवायचा क्रम

टोपली बहुतेक वेळा पाती, म्हणजे बांबूच्या चिरलेल्या पट्ट्या, काढतानाच बिघडते, वीण फक्त ती चूक उघडी पाडते. म्हणून घरातल्या पोराच्या हाती आधी कोयती द्या, वीण मागाहून.

बांबू माणगा जातीचा, दोन-तीन पावसाळे पाहिलेला घ्या. पहिल्या वर्षाच्या कोवळ्या बांबूवर पांढरी भुकटी दिसते. त्याच्या पाती सुकल्या की आकसतात आणि वीण सैल पडते. फार जून झालेला बांबू वळवताना तडकतो. तोड दिवाळीनंतर माघापर्यंत करा. पावसात कोंब वर येत असतात, तेव्हा बेटात शिरू नये.

तोडलेला बांबू ओला असतानाच चिरा. दर वेळी बरोबर मधोमध: अर्ध्याचे पाव, पावाचे आठवे भाग. चीर एका बाजूला पळायला लागली की जाड बाजू जास्त वाकवून ओढा, चीर परत मधे येते. नवशिका इथे घाबरून पातळ बाजू ओढतो आणि पाती निमुळती होऊन तुटते. ही एकच गोष्ट हाताला कळेपर्यंत दोन गाठींचे छोटे तुकडे चिरायला द्या, आख्खा बांबू देऊ नका. पाठीकडची, म्हणजे बाहेरच्या सालीकडची, पाती चिवट असते. पोटाकडचा भुसभुशीत भाग तासून टाका, कडा सुरीने मोडा, नाहीतर बोटं कापतात.

एक वीत उंच आणि 30 सेंटिमीटर तोंडाच्या टोपलीला 80 सेंटिमीटर लांब, 1 सेंटिमीटर रुंद अशा 16 उभ्या पाती लागतात. भोवती फिरवायच्या आडव्या पाती अर्धा सेंटिमीटर रुंद आणि उभ्यांपेक्षा पातळ हव्यात. त्या जाड झाल्या तर उभ्या पातींना ढकलतात आणि टोपली एका अंगाला कलते.

बुडासाठी त्या 16 पातींपैकी 8 एका दिशेने आणि 8 त्यांना काटकोनात, एक वर एक खाली अशा गुंफा. मधे पातीएवढीच फट ठेवा. टोकं 32 होतात. त्यातलं एक टोक बुडापर्यंत चिरून 33 करा. समसंख्येवर एकच पाती फिरवली तर दुसऱ्या फेरीतही ती त्याच जागी वर, त्याच जागी खाली जाते आणि वीण धरतच नाही. आता वळणाची जागा पाण्याने भिजवा आणि टोकं पाठ बाहेर ठेवून हळूहळू उभी करा. गाठ वळणावर येऊ देऊ नका, तिथे हमखास मोडते. पहिल्या तीन फेऱ्या घट्ट ठोका, चौकोनी बूड तिथेच गोल होतं. पाती संपली की नवी पाती जुनीवर चार घरं, म्हणजे चार उभ्या पातींइतकी, चढवा.

सुरू केलेली टोपली पोराने स्वतःच संपवावी. मधेच मोठ्यांनी दोन फेऱ्या मारल्या की ओढ बदलते आणि पोट फुगतं. डावखुऱ्याला उलट्या दिशेने विणू द्या. भाद्रपदात गौरीच्या ओवशाला नव्या सुना सुपं ओवाळतात, त्या सुपांची घाई असते, त्या दिवसांत शिकवायला बसू नका. घाईत मोठी माणसं कोयती हातातून काढून घेतात, आणि शिकणं तिथेच थांबतं.

काठ सगळ्यात शेवटी शिकवा. उरलेली टोकं भिजवून शेजारच्या पातीमागे खोचा, आतून-बाहेरून एकेक जाड कांब लावा आणि पातळ पातीने दर दोन बोटांवर आवळून बांधा. टोपली सावलीत सुकवा, मग शेणाने सारवा. चुलीच्या धुरावर आठवडाभर टांगली तर भुंगा लागायची भीती कमी होते.