कॅनॉलवर आलेल्या पणजोबांना जुन्या साप्ताहिकांत शोधताना: आधी महिना विचारा

सासवड-पुरंदरकडून नीरेच्या पाटावर, तिथून गोदावरी-प्रवरेच्या कॅनॉलवर, काही जण पुढे माळीनगरला, अशी ज्यांची घराणी पाण्यामागे सरकत गेली त्यांच्यासाठी हे लिहितेय. घरात एवढंच माहीत असतं की आपण मूळचे इथले नाही, पाणी आलं म्हणून आलो. कुणाबरोबर आले, कोणत्या साली, जमीन खंडानं केली की विकत घेतली, याची उत्तरं जुन्या साप्ताहिकांत बऱ्यापैकी सापडतात. पण तयारी न करता गेलात तर दिवसभर धूळ खाऊन रिकाम्या हातानं परत याल.

तर पहिलं काम. कुणी शक सांगितला की लगेच महिना विचारा. नुसता शक घेऊन ग्रंथालयाची पायरी चढू नका.

शक बदलतो पाडव्याला, इंग्रजी साल बदलतं जानेवारीत. म्हणून चैत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत शकात ७८ मिळवायचे आणि जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंत ७९. पौष दोन्हीकडे पाय टाकून बसलेला असतो, त्याला तिथीही लागते. आमच्या वहीत घरातला एक माणूस गेल्याचं साल 'शके १८४०' एवढंच होतं. मी ७८ मिळवले, १९१८ ची फाइल मागवली आणि पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत चाळली. माणूस गेला होता माघात, म्हणजे १९१९ च्या फेब्रुवारीत. ती फाइल त्याच कपाटात शेजारी होती आणि मी तिला हातही लावला नाही. आत्याला एक फोन केला असता तर ती तिथल्या तिथे म्हणाली असती, "माघी पुनवेच्या आदल्या दिवशी ताट वाढतो की आपण!"

आणि हे विचारताना आणखी एका ठिकाणी फसू नका. घरचे सांगतील, "पंचमीला असतं." ती पंचमी पितृपक्षातली असते. पितृपक्षात तिथी तीच धरतात, पण महिना भाद्रपद असतो. माणूस गेल्याचा महिना त्यातून कळत नाही. तेव्हा वर्षश्राद्धाचा महिना विचारा. बायकांना विचारा, पुरुषांना ठाऊक नसतं.

गोदावरीपलीकडे, निजामाच्या हद्दीत नातेवाईक असतील तर कागदावर फसली साल, म्हणजे तिथलं महसुली वर्ष, निघेल. त्यात वर्ष सुरू झाल्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९० मिळवायचे, जानेवारीपासून ते संपेपर्यंत ५९१. तिथंही महिना हवाच.

सालाऐवजी लोक प्रसंग सांगतात, ते लिहून घ्या पण पारखून. 'मानमोडीत गेला' हे सोन्यासारखं उत्तर आहे, कारण इन्फ्लुएंझाच्या त्या साथीचा मोठा तडाखा १९१८ च्या पावसाळ्याअखेरीस आणि दिवाळीच्या आसपास बसला. 'प्लेगात गेला' याचा काही उपयोग नाही. १८९६ ला मुंबईत आलेला प्लेग पुढे कित्येक वर्षं गावोगाव येत राहिला. 'धरण झालं तेव्हा आलो' असं म्हणाले तर कोणतं धरण ते विचारा. भाटघरचं जुनं, ज्यावर नीरेचा डावा कालवा १८८५ ला सुरू झाला, की तिथलंच १९२८ चं नवं? की १९२६ ला पुरं झालेलं भंडारदऱ्याचं? एवढ्यात दोन पिढ्यांचा फरक पडतो.

आता नावं. आजचं आडनाव घेऊन शोधू नका. त्या काळच्या नोटिशीत माणूस 'तुकाराम बिन सखाराम' किंवा 'गणू वलद राघू' असतो आणि बाई 'सखू कोम गणू'. बिन आणि वलद म्हणजे अमक्याचा मुलगा, कोम म्हणजे अमक्याची बायको. आडनाव असलं तर शेवटी, कधी अजिबात नाही. 'पाटील' हे आडनाव आहे की वतन, ते संदर्भानंच कळतं. बातमीत रा. रा., कै., चि. सौ. कां., गं. भा. असं काहीतरी चिकटलेलं असतं. म्हणून बाप, आजा, बायको आणि मूळ गाव या चारही गोष्टी कागदावर हव्यात. त्या मिळवायला नाशिक-त्र्यंबकच्या क्षेत्रोपाध्यायांची नामावळी, म्हणजे यात्रेला आलेल्या घराण्यांची नावं लिहिलेली वही, आधी बघून या. गाव आणि आडनाव सांगितलं की पानं निघतात, आणि घर हलण्यापूर्वीचं गाव तिथं बहुधा असतं. नामावळीत शक असतो. महिना आहे का बघा. नसला तर पुन्हा आत्या.

कोणतं पत्र बघायचं यात लोक चुकतात. केसरी, ज्ञानप्रकाश ही मोठी नावं सुचतात, ती बघाच. पाऊसपाणी, गुळाचे भाव, कोर्टाच्या बातम्या त्यांत मिळतील. पण बागाईतदाराच्या घरचं लग्न त्यांत कशाला येईल? त्यासाठी खेड्यातलं पत्र हवं. मुकुंदराव पाटलांचं 'दीनमित्र' १९१० ला सुरू झालं आणि नेवासे तालुक्यातल्या तरवडीसारख्या खेड्यातून वर्षानुवर्षं निघत राहिलं. सत्यशोधक पद्धतीची लग्नं, जलसे, सावकारीची गाऱ्हाणी असा त्याचा मजकूर. पुण्याला श्रीपतराव शिंद्यांचं 'विजयी मराठा' होतं, १९१९ पासूनचं. घरात कुणी सत्यशोधक म्हणून ओळखला जात असेल तर सुरुवात इथूनच करा.

अग्रलेख वाचत बसू नका. मला ते फार आवडतात आणि त्यातच दुपार जाते. नावं असतात ती बारीक टायपात: देणगीची पोच, परिषदेला आलेल्यांच्या याद्या, वसतिगृहाची वर्गणी, लिलावाच्या जाहीर नोटिसा. गुळाचे भाव पडले की नोटिसा वाढतात. आपल्या घरचं नाव लिलावात दिसलं तर वाईट वाटून घेऊ नका. सर्व्हे नंबर, गाव, सावकार, रक्कम, सगळं एकाच जागी मिळतं. उसाचे चरक, गुळाच्या काहिली आणि नांगरांच्या जाहिरातींवरूनही नजर फिरवा.

खेड्यातली बातमी टपालानं जायची आणि पुढच्या किंवा त्याच्याही पुढच्या अंकात छापून यायची. म्हणून तारीख काढलीत की तिथून पुढचे चार-पाच अंक बघा. त्यात नाही म्हणजे नाहीच असं समजू नका, पण निदान योग्य सालाची फाइल तरी हातात असू द्या. त्यासाठी महिना. परत सांगतेय, कारण शंभरातले नव्वद जण हे वाचूनही ७८ मिळवूनच जाणार आहेत.

ग्रंथालयाला आधी फोन करा. जुन्या फाइली बहुधा तळघरात किंवा दुसऱ्या इमारतीत असतात, काढायला माणूस लागतो, आणि तो माणूस त्या दिवशी रजेवर असतो. ओळखपत्र, पेन्सिल, भिंग, तोंडाला रुमाल. झेरॉक्स मागू नका, ते कागद वाकवले की पापडासारखे मोडतात. फोटोची परवानगी आधीच काढा. प्रत्येक फोटोआधी अंकाच्या डोक्याचा फोटो घ्या. बहुतेक पत्रं तिथं शक, तिथी आणि इंग्रजी तारीख तिन्ही छापतात, म्हणजे तुमचं गणित तिथल्या तिथे तपासून होतं. फुटक्या ठशात १ आणि ९ सारखे दिसतात, तेव्हाही तिथीच उपयोगी पडते. शिवणीत गेलेल्या ओळी वाचण्यासाठी फाइल ताणू नका, ग्रंथपालांना बोलवा.

संगणकावर शोध घेता येत असेल तर जुनं शुद्धलेखन टाका: 'गांव', 'नांव', 'कोपरगांव'. १९६२ च्या नियमांआधीचे अनुस्वार आहेत ते. आजच्या पद्धतीनं टाइप केलंत तर काही सापडणार नाही.

बाकीचं थोडक्यात. फोटोंना त्याच रात्री नावं द्या. सापडलेली तारीख पंचांगाशी ताडा, अधिक मास होता का तेही. मग तलाठ्याकडून जुने फेरफार काढा; ते मोडी लिपीत असले तर वाचणारा माणूस शोधा आणि पानाचे किती घेणार ते आधीच ठरवून घ्या.