भिलवडीला कमी पैशात दोन दिवस, दुधाच्या टायमाने

भिलवडी म्हटलं की पुण्यामुंबईच्या लोकांना चितळ्यांच्या दुधाची पिशवी आठवते, बास तेवढंच. पण सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातलं हे कृष्णाकाठचं गाव दोन दिवस निवांत बघण्यासारखं आहे आणि खिशाला अजिबात जड जात नाही, फक्त पहिल्यांदा मी जे केलं ते करू नका. मी सकाळी अकराला पोचलो. गोठ्यात म्हशी रवंथ करत बसलेल्या, माणसं रानात गेलेली, दूध संकलन केंद्राचं शटर खाली, आणि मी पाठीवर सॅक घेऊन उन्हात उभा. इथलं सगळं काही पहाटे पाच ते आठ आणि संध्याकाळी साधारण पाच ते आठ, म्हणजे धारेच्या वेळेला होतं. तुमचं तिकीट, झोप, जेवण सगळं त्या हिशोबाने लावा, मधला वेळ नदीला द्या.

जायचं कसं तर पुणे मिरज लाइनवर भिलवडी स्टेशन आहे. सगळ्या एक्स्प्रेस तिथं थांबत नाहीत म्हणून तिकीट काढायच्या आधी हॉल्ट बघून घ्या, नाहीतर सरळ किर्लोस्करवाडी किंवा सांगलीला उतरा आणि पुढं एसटी. अजून एक घोळ म्हणजे स्टेशन आणि गाव एका जागी नाहीत. स्टेशनला उतरून 'आलोच' असं वाटतं आणि नंतर वडापची (शेअर जीपची) वाट बघत बसावं लागतं. चितळ्यांची डेअरी स्टेशनच्या बाजूला, जुनं गाव आणि घाट नदीकडं. एसटीत बायकांना अर्ध तिकीट आणि ७५ च्या वरच्यांना फुकट, त्यामुळं आई आजीला घेऊन गेलात तर खर्च अजून कमी (आजीचं आधार कार्ड घ्यायला विसरू नका, कंडक्टर मागतो). आसपासची चार गावं करायची असतील तर 'आवडेल तेथे प्रवास'चा चार दिवसाचा पास काढा, पण नुसत्या भिलवडीसाठी तो परवडत नाही.

राहायला भिलवडीत हॉटेल शोधत बसू नका. नदीच्या पलीकडं औदुंबर आहे, दत्ताचं मोठं ठिकाण, तिथं भक्तांसाठी राहायची सोय असते ती बघा. खोली साधी असते आणि गरम पाण्याच्या अपेक्षा ठेवू नयेत, पण पहाटेची काकड आरती ऐकून उठलात की धारेची वेळ आपोआप गाठता येते. आधी फोन करून विचारा, प्रसादाच्या जेवणाची वेळपण तेव्हाच विचारून ठेवा. गुरुवार, पौर्णिमा आणि दत्तजयंतीला कमी बजेटवाल्यांनी जाऊच नये, जागा मिळत नाही. संक्रांतीला मात्र मुद्दाम जा, तिथं दरवर्षी साहित्य संमेलन भरतं, १९३९ पासूनची परंपरा आहे, झाडाखाली बसून फुकट कविता ऐकायच्या.

आणि १९३९ हेच साल डेअरीचंपण. भास्कर गणेश चितळे साताऱ्याजवळच्या लिंबहून इथं आले आणि दुधाचा धंदा सुरू केला. आता इथंच का, तर उभं राहून बघितलं की कळतं. नदीचं पाणी, पाण्यामुळं ऊस आणि हिरवी वैरण, वैरणीमुळं म्हशी, आणि दूध मुंबईला न्यायला दारात रेल्वे. पुण्यातलं दुकान नंतर, १९५० मध्ये. लोक विचारतात की फॅक्टरी आतून बघायला मिळते का, तर असं टपकून कुणी आत घेत नाही, आधी परवानगी काढावी लागते. नाही मिळाली तर वाईट वाटून घेऊ नका, खरी मजा बाहेर आहे.

ती मजा म्हणजे गावातलं दूध संकलन केंद्र. गावात 'डेअरी कुठंय' विचारलं तर लोक तेच दाखवतील. संध्याकाळी सहाच्या सुमाराला जा आणि एका कडेला उभं राहा. किटल्या, कॅन, कुणाची सायकल, कुणाची स्प्लेंडर, एखादी शाळेतली पोरगी दोन लिटरची बरणी घेऊन. दूध मापलं जातं, थोडं सॅम्पल मशीनमधे जातं, आणि स्लिप निघते त्यावर फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक), दर. गाईच्या दुधाचा दर ठरवताना ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ धरतात, म्हशीला ६ आणि ९, त्याच्या खाली आलं की दर कापला जातो. स्लिप बघितल्यावरचे चेहरे बघा, बोर्डाचा निकाल लागल्यासारखे. 'काल फॅट पाच आठ होती, आज पाच चार कशी?' हा वाद रोजचा. त्यात तुम्ही शहाणपणा करून मधे बोलू नका, आणि कुणाच्या स्लिपचा फोटोपण काढू नका, तो त्याचा पगार आहे. बिल दर दहा दिवसांनी निघतं, त्यामुळं बिलाच्या दिवशी गेलात तर सगळे जरा गोड बोलतात आणि चहाही मिळतो.

गोठा बघायचा असेल तर ओळख लागते असं नाही, पण तुम्हाला पहिला प्रश्न येणार, 'कुणाच्यात आलाय?' याचं उत्तर तयार ठेवा. 'कुणाच्यात नाही, औदुंबरला उतरलोय, म्हशी बघायला आलोय' असं खरं सांगितलं की आधी हसतात मग आत बोलावतात. आत गेल्यावर धार काढणाऱ्याच्या मागं उभं राहू नका, म्हशीच्या मागं तर नाहीच. मी एकदा फ्लॅश मारून फोटो काढला आणि म्हशीनं पान्हा चोरला. रेडकू सोडून बघितलं, पुढ्यात पेंड टाकली, काही केल्या दूध सोडेना. घरच्या मावशी काही बोलल्या नाहीत, हेच जास्त लागलं. परकं माणूस, अनोळखी वास, आवाज याने म्हैस बिचकते आणि दूध वर ओढून घेते, त्यांचं त्या वेळचं दूध कमी भरतं म्हणजे तुमच्या एका फोटोपायी सरळ पैसे जातात. त्यामुळं धार होईपर्यंत मोबाइल खिशात. आणि एका गोठ्यातून दुसऱ्यात जाताना चपला धुवा, लाळ्या खुरकूत, लम्पी असले रोग येऊन गेल्यापासून लोक याबाबतीत घाबरून असतात, २०२२ ला लम्पीत किती जणांच्या गाई गेल्या.

म्हशींच्या जातीपण विचारा, सांगायला आवडतं त्यांना. आखूड गुंडाळलेल्या शिंगांची मुऱ्हा, पाठीपर्यंत तलवारीसारखी लांब शिंगं असलेली पंढरपुरी. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला असतो, त्यावर बारा आकडी नंबर, त्यांचं आधारच ते. कालवडच व्हावी म्हणून सेक्स सॉर्टेड सीमेन वापरायच्या गप्पा इथं पारावर चालतात, ते तयार करणारी लॅब भिलवडीतच आहे.

कुणी धारोष्ण दूध पुढं केलं तर नाही कसं म्हणायचं हा प्रश्न येतो. मी 'उकळून द्या की, चहाच करा' म्हणतो आणि सुटतो. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार येऊ शकतात, त्यात शहरी पोट. कोल्हापुरात गंगावेशीत चौकात म्हशी आणून तिथल्या तिथं धार पाजतात ती हौस वेगळी, ती बघायला पुढं कोल्हापूरला जा हवं तर. इथं दही खा. म्हशीचं, विरजण घरचं, चमचा उभा राहतो. भाकरी, दही, कांदा, ठेचा एवढं कुणाकडं मिळालं तर दुपारचं जेवण झालंच, आणि पैसे घेत नसतील तर पोराच्या हातात खाऊ ठेवा.

मधल्या वेळेत भिलवडीचा दगडी घाट आणि भुवनेश्वरीचं मंदिर. तिथून समोर औदुंबर दिसतं, पाणी असेल तेव्हा नावेने पलीकडं जाता येतं, सुट्टे पैसे ठेवा. गोष्ट अशी सांगतात की एका मंदमती पोराने देवीपुढं जीभ कापून ठेवली आणि देवीने त्याला 'पलीकडं नृसिंह सरस्वतींकडं जा' म्हणून पाठवलं. त्यांचा एक चातुर्मास औदुंबरला झाला. नदीत उतरायचं मात्र नाही. ही सीरियस गोष्ट आहे, या पट्ट्यात मगरी आहेत, माणसं गेलीयत. घाटावर पाय सोडून बसायचाही मोह नको, स्थानिक पोरं उड्या मारतायत म्हणून तुम्ही मारू नका.

जुलै ऑगस्टमध्ये जाऊच नका, २००५, २०१९, २०२१ तिन्ही वेळा इथं महापूर आला होता, जनावरं कुठं हलवायची ही त्यांना चिंता असते तिथं तुम्ही पाहुणे म्हणून काय जाणार. नोव्हेंबर ते फेब्रुवारी बेस्ट. कारखाने चालू असतात, उसाच्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टर असतात, रात्री टू व्हीलर चालवत असाल तर ट्रॉलीला मागं लाइट नसतो हे डोक्यात ठेवा. एक दिवस जास्तीचा असेल तर सागरेश्वर अभयारण्य जवळ आहे, हरणं दिसतात, आणि त्याच बाजूला देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव.

येताना दूध आणू नका, गाडीत नासतं, मी नासवलंय. तूप घ्या, ज्यांच्या गोठ्यात गेलात त्यांच्याकडंच विचारा, कढवलेलं असतं बहुतेक घरी. स्टीलचा डबा घरून न्या, आणि थंडीत घेतलं तर बरं कारण थिजलेलं असतं, उन्हाळ्यात ते पातळ होऊन झाकणातून गळतं आणि सॅकमधल्या कपड्यांना पुढचे चार धुणं तुपाचा वास येतो.