भोपळ्याचे छोटे केक : आधी भोपळ्यातलं पाणी काढा

अमेरिकन रेसिपी उघडली की त्यात 'एक कप पम्पकिन प्युरी' एवढंच लिहिलेलं असतं आणि सगळी गडबड तिथेच होते. लिहिणारीच्या डोक्यात असते ती टिनमधली प्युरी, घट्ट, चमचा उभा राहील अशी, आणि आपण घालतो घरी कुकरला शिजवून मिक्सरमधून फिरवलेला भोपळा, ज्यात पाणीच पाणी. मग केक वरून छान दिसतो पण मध्ये चिकट गोळा, कागद सोलायला गेलं की निम्मा केक कागदालाच. ओव्हनला नावं ठेवून काही उपयोग नाही, पाणी जास्त झालेलं असतं. म्हणून या सगळ्या प्रकारात मी सगळ्यात जास्त भोपळ्यावरच बोलणार आहे, बाकीचा केक तसा सोप्पा आहे.

आता भोपळा कुठला घ्यायचा. इकडे न्यू जर्सीत ऑक्टोबर लागला की प्रत्येक दुकानाबाहेर केशरी भोपळ्यांचे ढीग असतात, फार्मवर जाऊन पोरं हातगाडीतून भोपळे ओढत आणतात, आणि दर वर्षी कोणीतरी विचारतंच की हॅलोवीनचा मोठा भोपळा पडलाय तर त्याचाच केक करू का. नका करू. तो कोरण्यासाठी वाढवलेला असतो, पातळ गर, धागे खूप, चव जवळजवळ नाहीच. आणि कोरून, आत मेणबत्ती लावून दोन दिवस अंगणात ठेवलेला असेल तर खाण्याचा विषयच सोडा. ताजा घ्यायचा असेल तर दुकानात छोटा, गोल, 'शुगर' किंवा 'पाय' पम्पकिन म्हणून मिळतो तो घ्या, नाहीतर सरळ बटरनट स्क्वॉश घ्या, तो जास्त गोड आणि धागे कमी.

गंमत म्हणजे इथे सगळ्यात जास्त चालणारा लिबीजचा टिन असतो ना, त्यातला भोपळा बाहेरच्या ढिगातला नसतोच. तो डिकिन्सन नावाचा फिकट रंगाचा, लांबट भोपळा, इलिनॉयमधल्या मॉर्टन गावात टिनबंद होतो, आणि जातीने तो बटरनटच्याच घरातला. आपल्या मंडईत फोडी करून विकतात तो लाल भोपळाही बहुतेक वेळा याच जातीचा. म्हणजे पुण्या-मुंबईत बसून इम्पोर्टेड टिनसाठी भरमसाट पैसे मोजायची अजिबात गरज नाही, इंडियन ग्रोसरीत मिळणारी भोपळ्याची फोड इथल्यांनाही चालते. फक्त फोड निवडताना गर गडद केशरी आणि दाट बघा, मधला धाग्यांचा भाग कमी हवा, नखाने दाबलं तर सहज आत जाऊ नये. फिकट पिवळी फोड भाजीला ठेवा.

टिन घेणारे लोकहो, लेबल वाचा. 'प्युअर पम्पकिन' हवा. त्याच्याच शेजारी तशाच दिसणाऱ्या टिनमध्ये 'पाय मिक्स' असतं, त्यात साखर मसाला आधीच घातलेला असतो, ते घातलंत तर केक अति गोड होऊन बसतो.

ताजा भोपळा असेल तर उकडू नका, भाजा. अर्धा चिरून बिया काढायच्या, कापलेली बाजू खाली करून ट्रेवर ठेवायचा, २०० सेल्सिअसला ४० ते ५० मिनिटं, सुरी लोण्यासारखी गेली की झालं. फोडी असतील तर सालासकट ठेवा, त्या लवकर होतात, अर्ध्या तासाने बघायला लागा. ओव्हन एवढा वेळ लावायचा जिवावर येत असेल तर कुकरमध्ये वाफवा, पण मग भांड्यात पाणी घालायचं नाही, फोडी कोरड्याच ठेवायच्या, आणि शिजल्यावर चाळणीत निथळत ठेवायच्या. गर चमच्याने काढून पुरणयंत्रातून फिरवा किंवा मिक्सरला लावा, पुरणयंत्राने धागे मागे राहतात म्हणून मला तेच बरं वाटतं. एक किलो कच्च्या भोपळ्यातून साल, बिया, पाणी जाऊन अर्ध्या किलोच्या आसपास गर निघतो.

आता खरी स्टेप. हा गर जाड बुडाच्या कढईत किंवा नॉनस्टिक पॅनमध्ये घालून मध्यम आचेवर सतत हलवत आटवायचा, घारग्यांना करतो तसंच, फक्त इथे गूळ नाही. उलथन्याने मध्ये रेघ ओढली की ती दोन सेकंद तशीच राहिली पाहिजे आणि कडेने पाणी सुटायला नको. टिनमधला असेल तरी मी पाच मिनिटं परततेच, डब्याचा जो एक वास असतो ना तो जातो. शेवटच्या मिनिटाला मसाला याच गरम गरात घालायचा, पिठात नाही. मसाल्याचा वास गरम ओलसर गरात जसा खुलतो तसा कोरड्या मैद्यात खुलत नाही, स्वयंपाकघरात दरवळ सुटतो तेव्हाच कळतं. मग गॅस बंद, आणि पूर्ण गार होऊ द्या, कोमट नाही, गार. गरम गरात अंडं फोडलंत तर त्याची भुर्जी होईल.

मसाला कोणता? इकडे 'पम्पकिन पाय स्पाइस' नावाची छोटी बाटली मिळते, मॅककॉर्मिकने १९३४ पासून आणलेली, आणि २००३ मध्ये स्टारबक्सने 'पम्पकिन स्पाइस लाटे' ही दुधाळ कॉफी काढल्यापासून तर मेणबत्त्या, बिस्किटं, साबण सगळ्यालाच हा वास. (त्या लाटेमध्ये २०१५ पर्यंत भोपळा नव्हताच हां, नुसता मसाला.) बाटली आणायची काही गरज नाही. दालचिनी, सुंठ, जायफळ, लवंग, सगळं आपल्या मसाल्याच्या डब्यात आहे. एका घाण्याला दीड टीस्पून दालचिनी पूड, अर्धा टीस्पून सुंठ, पाव टीस्पून ताजं किसलेलं जायफळ आणि लवंगेची अगदी चिमूट. लवंग जास्त झाली तर केकला दंतमंजनाचा वास येतो, म्हणून चिमूट म्हणजे चिमूटच. वेलची घालायचा मोह होतो, मी घालत नाही, ती आली की सगळं शिऱ्याकडे झुकतं. तुम्हाला तेच आवडत असेल तर घाला बापडे.

बारा केकचं माप सांगते, नेहमीचा बारा वाट्यांचा मफिन ट्रे धरून. मैदा दीड कप म्हणजे १९० ग्रॅमच्या आसपास, त्यात पाऊण टीस्पून खायचा सोडा, अर्धा टीस्पून बेकिंग पावडर, अर्धा टीस्पून मीठ. मीठ वगळू नका, मिठाशिवाय भोपळा मिळमिळीत लागतो. दुसऱ्या भांड्यात ब्राउन शुगर पाऊण कप दाबून भरलेली, म्हणजे साधारण १५० ग्रॅम, दोन अंडी, अर्धा कप तेल, आटवून गार केलेला भोपळा एक कप (२४० ग्रॅम), दोन टेबलस्पून दूध, थोडा व्हॅनिला. कप म्हणजे २४० एमएलचा मेजरिंग कप, चहाचा कप नाही. वजनकाटा असेल तर काट्यानेच मोजा, मैदा कपात दाबून भरला की सहज ३०-४० ग्रॅम जास्त जातो आणि केक दगड.

ब्राउन शुगर नसेल तर गुळाची पावडर चालते, रंग जास्त गडद आणि केक थोडा भरीव होतो, पण गूळ आधी चाखून बघा, काही गूळ खारट असतात. तेल बिनवासाचं घ्या, सूर्यफूल वगैरे, शेंगदाण्याचं नको. बटर का नाही असं विचारतात सगळ्या, तर बटर थंडीत घट्ट होतं, तेल पातळच राहतं, म्हणून तेलाचा केक दुसऱ्या दिवशीही मऊ लागतो, आणि फॉलच्या (पानगळीच्या) थंडीत किचनच्या ओट्यावर ठेवलेल्या केकला हा फरक चांगलाच जाणवतो. सोडा डब्यात कधीपासून पडलाय माहीत नसेल तर चिमूटभर घेऊन त्यावर लिंबू पिळा, फसफसला तर ठीक, नाहीतर नवा आणा.

कृती आता दोन ओळींची आहे. ओव्हन ३५० फॅरेनहाइट, म्हणजे १७५ सेल्सिअस, चांगला गरम करून घ्या. ट्रेमध्ये पेपर कप लावा, ओलं सगळं व्हिस्कने एकजीव करा, कोरडं चाळून त्यात घाला आणि हलक्या हाताने खालीवर करत मिसळा, पिठाची कोरडी रेघ दिसेनाशी झाली की थांबा. इथे फेटत बसायचं नाही, बीटर तर नकोच. जास्त फेटलं की मैद्याला चिवटपणा येतो आणि केक रबरी होतो, आतून लांब लांब बोगदे पडतात. मिश्रण सैल इडलीच्या पिठापेक्षा थोडं दाट हवं. फारच घट्ट वाटलं तर चमचाभर दूध, म्हणजे भोपळा जास्तच आटलाय.

वाट्या पाऊण भरा. मधल्या रॅकवर २० ते २२ मिनिटं. ओटीजी असेल तर दोन्ही रॉड चालू, पंखा चालू असेल तर १६० सेल्सिअस पुरे. पहिली १५ मिनिटं दार उघडू नका. टूथपिकला ओलं पीठ नको पण दोन-चार ओलसर कण चिकटले तर चालतात, भोपळ्याचा केक हाडासारखा कोरडा व्हायची वाट बघायची नसते. बोटाने वर दाबलं की परत वर आला पाहिजे. बाहेर काढून पाच मिनिटांनी ट्रेमधून काढा आणि जाळीवर ठेवा, ट्रेमध्येच गार केलेत तर वाफ धरून खालचा कागद ओला होतो.

बिनअंड्याचे हवे असतील, आणि मंडळाच्या दिवाळीच्या पॉटलकला (जिथे प्रत्येकजण एकेक पदार्थ आणतो) न्यायचे असतील तर हवेच, तर दोन अंड्यांच्या जागी अर्धा कप दही घ्या (घट्ट, आंबट नको असं वाटत असेल तर ताजं), दूध वगळा आणि बेकिंग पावडर पाऊण टीस्पून करा. दह्याचा आंबटपणा आणि सोडा मिळून फुलवायचं काम करतात, म्हणून मिसळल्यावर मिश्रण ठेवून गप्पा मारत बसू नका, लगेच ओव्हनमध्ये. तीन-चार मिनिटं जास्त लागतात. अंड्याच्या केकइतके उंच फुगत नाहीत, पण मऊ होतात, आणि कोणाला सांगितलं नाही तर कळत नाही.

पेपर कपमधले साधे केक नको असतील, जरा मजा करायची असेल तर मिनी बंट ट्रे घ्या, मध्ये भोक असलेले आणि कडेला खाचा असलेले छोटे केक होतात त्याचा. (बंट पॅन हे मिनेसोटाच्या नॉर्डिक वेअरचं १९५० सालचं काम, आता सगळेच बनवतात.) वरच्या मापात सहा मिनी बंट होतात. ट्रेच्या प्रत्येक खाचेत ब्रशने तेल लावून मैदा भुरभुरवा, आळस केलात तर केक खाचेतच राहतात. गार झाल्यावर सपाट बाजू सुरीने सरळ करायची, तिथे थोडं क्रीम लावून दोन केक एकमेकांवर चिकटवायचे, की खाचांसकट गोल भोपळा तयार. मधल्या भोकात दालचिनीची काडी खोचली की झाला देठ. सहा केकचे तीन भोपळे. वरून आयसिंग शुगरमध्ये चमचाभर भोपळ्याचा गर आणि थोडं दूध घालून केलेलं पातळ ग्लेझ ओतलं तर केशरी रंग आपोआप येतो, खाण्याच्या रंगाची बाटली काढायला नको.

क्रीम म्हणजे क्रीम चीजचंच. २२५ ग्रॅमचा एक ठोकळा, ५५ ग्रॅम बटर, दोन्ही बाहेर काढून मऊ झालेलं, एक कप आयसिंग शुगर, व्हॅनिला. टबमधलं स्प्रेड नको, ते सैल पडतं. भारतात क्रीम चीज महाग पडतं, तर घट्ट टांगलेला चक्का घ्या, त्यात चार-पाच टेबलस्पून आयसिंग शुगर आणि चिमूट दालचिनी, आणि अगदी खायच्या आधी लावा, साखरेने चक्क्याला पाणी सुटतं. खरं सांगायचं तर मला हा चक्कावाला जास्त आवडतो, तो आंबटपणा भोपळ्याला हवाच असतो. वरून सोललेल्या भोपळ्याच्या बिया भाजून लावा. अक्रोड छान लागतात, पण पोरांच्या शाळेत न्यायचे असतील तर अक्रोड नको, आणि घरचं चालतं का तेही आधी विचारा.

केल्या दिवशी खाऊ नका असं म्हणणार होते, पण कोण ऐकणार. दुसऱ्या दिवशी मसाला मुरतो आणि चव जास्त चांगली लागते. डबा घट्ट लावला तर वरचा भाग चिकट होतो, भोपळ्यातला ओलावा वर येतो म्हणून, तर डब्यात खाली-वर किचन पेपर घाला आणि झाकण थोडं सैल ठेवा. बाहेर दोन दिवस, क्रीम लावलेले फ्रिजमध्ये चार दिवस. क्रीम न लावता एकेक गुंडाळून फ्रीझ केले तर दोन महिने आरामात, म्हणजे ऑक्टोबरात केलेले नोव्हेंबरअखेरच्या थँक्सगिव्हिंगला निघतात.

टिन ४२५ ग्रॅमचा असतो, म्हणजे केक करून पावणेदोनशे ग्रॅम भोपळा उरतो आणि मग तो फ्रिजमध्ये कोपऱ्यात पडून बुरशी धरतो. त्याचे घारगे करा. त्यात १०० ग्रॅम चिरलेला गूळ घालून गरम करून विरघळवा, गार झाल्यावर चिमूट मीठ, चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन, एक टेबलस्पून तांदळाची पिठी आणि मावेल तेवढी कणीक. पाणी घालायचं नाही. कणीक मुठीमुठीने घाला, सगळी एकदम ओतू नका, टिनचा भोपळा आधीच घट्ट असतो त्यामुळे घरी शिजवलेल्या भोपळ्यापेक्षा कणीक कमी लागते. जाडसर थापून मध्यम आचेवर तळा, मोठ्या आचेवर गुळामुळे बाहेरून काळे होतात आणि आत कच्चे राहतात.