कांदेबागेत जिवाणू खत टाकताय? मग ते जिवंत राहील असं टाका

राम राम मंडळी, कांदेबागेची, म्हणजे केळीच्या ऑक्टोबराच्या सुमारास होणाऱ्या हंगामाची लागवड तोंडावर आलीय, जळगाव जिल्ह्यात रावेर, यावल, चोपड्याकडं केळीची टिश्यू कल्चरची रोपं शेतात उतरायला लागलीत आणि यंदा बरेच जण विचारताहेत की केळीला जिवाणू खत नेमकं कुठलं आणि कसं द्यायचं. पाकिटात जिवंत जीव असतात हो, त्यांना युरियासारखं वागवलं की मेलेच समजा, आणि मग लोक म्हणतात यात काही दम नाही.

दुकानात रायझोबियम हातात दिलं तर घेऊ नका, ते हरभरा-सोयाबीनच्या मुळांवर गाठी करतं, केळीला उपयोग नाही. आपल्याला लागतं अॅझोस्पिरिलम आणि पीएसबी, म्हणजे स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू. अॅझोस्पिरिलम मुळाजवळ राहून हवेतला नत्र धरतं. पीएसबीचं काम तर आपल्याकडं जास्तच महत्त्वाचं, कारण तापीकाठच्या काळ्या जमिनीत चुना भरपूर, सुपर फॉस्फेट टाकलं की त्यातलं बरंच स्फुरद चुन्याशी बांधलं जातं आणि झाड उपाशीच राहतं, पीएसबी आम्ल सोडून ते बांधलेलं स्फुरद हळूहळू मोकळं करतं.

लागवडीला झाडामागं 25 ग्रॅम अॅझोस्पिरिलम, 25 ग्रॅम पीएसबी आणि 10 किलो चांगलं कुजलेलं शेणखत अशी शिफारस आहे. 5 बाय 6 फुटांवर एकरी साधारण 1450 झाडं बसतात, म्हणजे प्रत्येकी 36 किलोच्या आसपास पावडर लागते. ती शेणखतात मिसळा, सावलीत ढीग लावा, ओलं गोणपाट टाका आणि आठेक दिवस मुरू द्या. मूठ आवळली तर गोळा व्हावा पण पाणी गळू नये इतकीच ओल ठेवायची. आठव्या दिवशी हात घातला की पावसानंतरच्या मातीसारखा वास येतो, मग खड्ड्यात भरायचं. ढीग हाताला चटका देत असेल तर शेणखत कच्चं होतं, त्यात जिवाणू टिकत नाहीत.

मागं मी एका दुकानातून घाईत पाकिटं उचलली, घरी येऊन तारीख बघितली तर बनवून सात महिने झालेले, आणि दुकानात ती उन्हाच्या बाजूलाच रचलेली होती. पावडरीची मुदत सहा महिन्यांची धरायची, तेव्हा पैसे गेले आणि हंगामही गेला. म्हणून सांगतो, आधी तारीख बघा आणि मोजणीही बघा, नियमाप्रमाणं पावडरीत ग्रॅमला 5 कोटी आणि लिक्विडमध्ये मिलीला 10 कोटी जिवाणू हवेत.

लिक्विड ठिबकातून सोडणार असाल तर संध्याकाळी सोडा. ठिबकला नुकतं अॅसिड मारलं असेल तर आधी साधं पाणी भरपूर फिरवून लाइन धुवून घ्या. रासायनिक खताच्या टाकीत ते कधीच मिसळू नका, दोन्हीत आठ-दहा दिवसांचं अंतर ठेवा. कंद सडतोय म्हणून कॉपर किंवा ब्लीचिंग पावडरची आळवणी केली असेल तर तीच अट, ती औषधं चांगल्या-वाईट जिवाणूत फरक करत नाहीत.

थंडीचंही लक्षात घ्या. डिसेंबर-जानेवारीत पारा 10-12 वर आला की केळीची मुळं थांबतात आणि जिवाणूही सुस्तावतात, त्यामुळं दिवाळीआधीच त्यांचं बस्तान बसलेलं हवं. बुंध्याभोवती गव्हाचा भुसा किंवा पाचटाचं आच्छादन करा. करप्याची पानं मात्र त्यात नको, ती बागेबाहेर काढा.

जिवाणू देतोय म्हणून रासायनिक खतातलं नत्र कमी करायचं असेल तर आधी दोन ओळींवर पाव हिस्सा कमी करून बघा, पूर्ण बागेवर लगेच नको. पालाशला (पोटॅशला) हात लावू नका, घड भरायला केळी तेच सगळ्यात जास्त ओढते.

दोन महिन्यांनी बुंध्यापासून वीतभर लांब माती बोटांनी उकरून बघा. पांढरीशुभ्र, बारीक केसाळ मुळं मातीला चिकटून येत असतील तर काम सुरू आहे, मुळं तपकिरी आणि गुळगुळीत दिसली तर आधी पाणी साचतंय का ते तपासा.