काटा शून्यावर आणि गिअरला हिसका

जुनी ऑटोमॅटिक गाडी. चालता चालता स्पीडोमीटरचा काटा धपकन शून्यावर यायचा आणि त्याच क्षणी गिअर हिसका देऊन पडायचा. गिअरबॉक्स गेला असंच सगळे म्हणाले. पण दोन्ही एकदम होतंय म्हटल्यावर माझा संशय स्पीड सेन्सरवर; काट्याला आणि गिअर बदलणाऱ्या कंप्युटरला गाडीचा वेग तोच कळवतो. स्कॅनरवर कोडही पी०५०० आला, म्हणजे स्पीड सेन्सरचाच बिघाड.

लगेच सेन्सर बदलू नका, आधी वायरिंग बघा. सेन्सरचा वायरिंगचा प्लग काढला तर पिनांवर तेलकट काळा थर. पुसला, फरक नाही. तीन वायरींपैकी एकीवर १२ व्होल्ट, अर्थिंगही ठीक. मग मागच्या चाकांना अडसर लावून, गाडी न्यूट्रलला ठेवून पुढचं एकच चाक स्टँडवर उचललं (दोन्ही उचलली तर दुसरं चाक उलटं फिरतं, सेन्सरपर्यंत काहीच पोचत नाही). चाक हाताने सावकाश फिरवलं. सिग्नलच्या वायरीवर मल्टिमीटर वरखाली व्हायला हवा होता, तो ढिम्म. नवा सेन्सर, नवी ओ-रिंग (रबरी सील). काटा स्थिर, गिअर लोण्यासारखे.