रुसाल्का सांगायची तर आधी आसरांपाशी जा

रशिया, युक्रेन, चेकिया, पोलंड या मुलखांतल्या पाण्याच्या भुताखेतांच्या गोष्टी मराठीत सांगताना पहिला घोटाळा एका शब्दात होतो. रुसाल्काला 'जलपरी' म्हटलं, की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढं माशाची शेपटी येते आणि पुढची सगळी गोष्ट वाया जाते. लोकसमजुतीतल्या रुसाल्काला शेपटी नसते. तिला दोन पाय असतात, केस मोकळे आणि ओले असतात. ती बर्च झाडाच्या फांदीवर झोके घेते, राय नावाच्या धान्याच्या शेतातून धावते आणि सापडलेल्या माणसाला गुदगुल्या करून मारते.

गावच्या वाचनालयात किंवा देवळाच्या ओट्यावर दीड तासाची बैठक घ्यायची, ऐकायला पंधरा-वीस माणसं, असं धरून पुढचं लिहिलं आहे.

आधी नातं नीट लावा

मराठवाड्यात ऐकणाऱ्याला साती आसरा ठाऊक असतात. विहिरीच्या काठावर, बारवेच्या कोनाड्यात, नदीच्या डोहाशी शेंदूर लावलेले सात दगड, हिरव्या बांगड्या, दहीभाताचा नैवेद्य, जवळपास कुठंतरी म्हसोबा. म्हणून 'रुसाल्का म्हणजे त्यांच्याकडच्या आसरा' असं सांगायचा मोह होतो. तो आवरा. आसरा हा शब्द अप्सरेवरून आलेला आहे आणि त्या देवता आहेत. त्यांची ओटी भरतात, लेकरू झालं की त्यांच्या पाया पडतात. रुसाल्का देवता नाही, ती मेलेली बाई आहे. बुडालेली पोर, लग्नाआधी गेलेली मुलगी, बाप्तिस्मा न होता दगावलेलं लेकरू, म्हणजे ज्यांचं आयुष्य अर्धवट राहिलं ते जीव. रशियन लोकसाहित्याचे अभ्यासक द्मित्री झेलेनिन यांनी १९१६ साली रुसाल्कांवर ग्रंथ लिहिला, तेव्हा त्यांना अकाली आणि अनैसर्गिक मरण आलेल्यांच्या वर्गातच बसवलं. आपल्याकडं हे चरित्र हडळीचं. तेव्हा श्रोत्यांना असं सांगा: ठिकाण आसरांचं, जन्मकथा हडळीची. एवढ्या एका वाक्यावर पुढचा तास निभतो.

वोद्यानोयला मात्र आपल्याकडं नेमकी जोडी सापडत नाही, आणि ओढूनताणून लावूही नका. हा पाण्याचा म्हातारा. दाढी हिरवी, अंगावर शेवाळ, मुक्काम बहुतेक पाणचक्कीच्या बांधाखाली. चक्कीवाला आणि कोळी त्याला खूश ठेवतात, कोळी पाण्यात चिमूटभर तंबाखू टाकतो. हिवाळ्यात बर्फाखाली तो झोपतो आणि वसंतात भुकेला होऊन उठतो. 'राक्षस' म्हणू नका. आपल्या ऐकणाऱ्याला तो खडूस पण ओळखीचा शेजारी वाटला पाहिजे. चेक लोकांचा वोदनीक त्याचाच भाऊबंद, पण जरा नटवा: हिरवा कोट, कोटाच्या टोकातून टपकणारं पाणी, तोंडात चिलीम. माणसांत मिसळला तरी त्या ठिबकण्यावरून तो ओळखू येतो.

उच्चारांचं थोडक्यात. रुसाल्कामध्ये जोर 'सा'वर, वोद्यानोयमध्ये शेवटच्या 'नोय'वर. चेक शब्दात जोर पहिल्या अक्षरावर आणि 'नी' हा 'न्यी'कडं झुकलेला. याहून जास्त अचूकपणाच्या मागं लागलात तर सांगताना अडखळाल.

कोणती गोष्ट कधी

पहिली रशियन लेखक तुर्गेन्येवची 'बेझिन कुरण', १८५१ सालची. रात्री घोडी राखायला बसलेली पोरं शेकोटीभोवती भुताच्या गोष्टी सांगतात. ज्वारीच्या राखणीला जागलीवर बसलेल्या माणसाला यातलं काही समजावून द्यावं लागत नाही. सगळी कथा वाचू नका, फक्त गाव्रिला सुताराचा तुकडा घ्या. जंगलात वाट चुकलेल्या गाव्रिलाला फांदीवर बसलेली रुसाल्का दिसते, ती हसत हसत त्याला बोलावते. तो क्रूसाची खूण करतो. तिचं हसणं थांबतं, ती रडायला लागते आणि हिरव्या केसांनी डोळे पुसते. जाताना शाप देते, की मी झुरेन तसा तूही जन्मभर झुरशील. तेव्हापासून सुताराच्या चेहऱ्यावर हसू नाही. सहा-सात मिनिटांत सांगून होतं. रडणारं भूत दिसलं की माणसं सावरून बसतात.

मधली आणि मुख्य गोष्ट चेक कवी कारेल यारोमिर एर्बेनच्या 'वोदनीक' या पोवाड्यासारख्या कवितेची. ती त्याच्या १८५३च्या 'कितित्से' या संग्रहात आहे. हिला वीस मिनिटं द्या आणि सांगताना चार तुकडे पाडा. तळ्याकाठच्या झाडावर चांदण्यात बसून वोदनीक लग्नासाठी हिरवे कपडे आणि तांबडे बूट शिवतोय. आई लेकीला सांगते, मला वाईट स्वप्न पडलं, आज तळ्यावर जाऊ नको. लेक धुणं घेऊन जाते, फळी मोडते. दुसऱ्या तुकड्यात ती पाण्याखाली हिरव्या केसांच्या बाळाला झोपवते आहे. तिसऱ्यात नवऱ्याकडं माहेरची परवानगी मागते. ती मिळते, पण अटी घालून: सकाळच्या घंटेपासून संध्याकाळच्या घंटेपर्यंतच, कुणाला मिठी मारायची नाही, बाळ इथंच ओलीस. चौथ्यात आई तिला सोडत नाही. वोदनीक दार ठोठावतो, जेवण कोण वाढणार, अंथरूण कोण घालणार, बाळ रडतंय. शेवटी वादळ होतं, उंबऱ्यावर काहीतरी आपटतं. दार उघडतात तर बाळाचं डोकं एकीकडं, धड एकीकडं.

इथं बहुतेकजण चुकतात ते आवाज चढवून. वोदनीकचा आवाज रागावलेल्या नवऱ्याचाच ठेवा, भुताचा नको. माहेरी आलेल्या लेकीला संध्याकाळच्या एस्टीनं परत पाठवायचं की नाही, हा प्रश्न समोरच्या आज्यांनी स्वतःच्या घरात सोडवलेला असतो.

याला लागूनच शिळासप्तमीची कहाणी वाचा, ती कुणाला तरी पाठ असतेच. राजाच्या तळ्याला पाणी लागेना, जलदेवतांनी सुनेचा वडील मुलगा मागितला, सासऱ्यानं दिला. सून परत येताना त्याच तळ्याची पूजा करते, काकडीच्या पानावर दहीभाताचं वाण सोडते, आणि पाण्यातून मुलगा तिचे पाय ओढतो. दोन्हीकडं पाणी, आई आणि लेकरू. पण तिकडं पाणी मुबलक आहे, ते आपणहून घरातलं माणूस ओढून नेतं. इकडं पाणीच नाही, त्याला बोलावण्यासाठी घरातलं माणूस द्यावं लागतं. हे तुम्ही बोलून दाखवायची गरज नाही. दोन्ही गोष्टी पाठोपाठ सांगा, फरक ऐकणारेच काढतात.

सर्बियन लोकगीतातली श्कोदर शहराची भिंतही इथं चालते. विला, म्हणजे तिकडची रानपरी, रोज रात्री भिंत पाडते आणि अखेर धाकट्या भावाच्या बायकोला चिणावं लागतं. वेळ उरला तरच घ्या.

चेक संगीतकार द्वोर्झाकचा 'रुसाल्का' ऑपेरा (प्राग, ३१ मार्च १९०१) ऐकवायचा असेल तर चंद्राला उद्देशून असलेलं एकच गाणं पुरे. पण स्पष्ट सांगा, की तिथं ती मुकी होते हा भाग लोककथेतला नाही. संहिताकार क्वापिलनं तो अँडरसनच्या जलपरीकडून उचलला. शेपटीच्या घोटाळ्याचा उगमही त्याच बाजूला आहे.

दवण्याचा खेळ

ईस्टरनंतर सातव्या आठवड्याच्या आसपास 'रुसाल्कांचा आठवडा' येई. त्या दिवसांत नदीत उतरायचं नाही आणि बाहेर पडताना जवळ 'पोलिन' ही कडू वनस्पती ठेवायची. रुसाल्का विचारते, हातात काय आहे, पोलिन की पेत्रुश्का? पोलिन म्हणालात तर ती पळते. पेत्रुश्का म्हणालात तर 'दुश्का', म्हणजे माझ्या जिवा, असं यमक जुळवून ती गुदगुल्यांना सुरुवात करते. पोलिन आर्टेमिसिया कुळातली, आपला दवणाही त्याच कुळातला. पेत्रुश्का म्हणजे पार्स्ली, कोथिंबिरीच्या कुटुंबातली. म्हणून मराठीत खेळ असा बसतो:

'दवणा!' 'हुकला गं माझा पाव्हणा!'
'कोथिंबीर!' 'ये, नको लावू उशीर!'

ताजा दवणा चैत्रातल्या बाजारात मिळतो, तो सावलीत वाळवून डब्यात ठेवला तर वास टिकतो. काडी हातोहात फिरवा, पण चुरगाळून. नाहीतर मागच्या रांगेपर्यंत वास पोचत नाही.

जागा आणि जपायच्या गोष्टी

वालूरच्या चक्राकार बारवेसारखी बारव जवळ असली की तिथंच बैठक घ्यावी वाटतं. घ्या, पण वरच्या पायऱ्यांवर, उजेड असेतो. खालच्या टप्प्यावर आवाज घुमतो, शब्द एकमेकांवर चढतात आणि शेवाळावरून पाय घसरतो. आसरांच्या दगडांकडं पाठ करून बसू नका आणि चपला वरच काढा.

गावात अलीकडं कुणी विहिरीत गेलं असेल, तर ती चौकशी बैठकीच्या चार दिवस आधी एखाद्या मावशीकडं हळूच करा. तसं असेल तर पुश्किनचं 'रुसाल्का' नाटक यादीतून काढा. त्यात राजपुत्रानं टाकलेली चक्कीवाल्याची गरोदर लेक नदीत उडी घेते. एर्बेनही पुढच्या वेळी. सुताराची गोष्ट आणि दवण्याचा खेळ तेवढा घ्या.

नंतर स्थानिक गोष्टी टिपायच्या असतील तर 'आजी, तुम्ही आसरा मानता का?' असं विचारू नका. उत्तर हो किंवा नाही एवढंच येतं. 'आजी, या विहिरीत कुण्या दिवशी उतरत न्हाईत?' असं विचारा, म्हणजे नेम बाहेर येतो आणि नेमामागून गोष्ट. फोन दुमडलेल्या टॉवेलवर, बोलणाऱ्यापासून हातभर अंतरावर ठेवा. मोटार चालू असेल तर थांबा.

बोळकी

वोदनीक बुडालेल्यांचे जीव पालथ्या बोळक्यांखाली कोंडून ठेवतो. कुणी बोळकं उचललं की जीव बुडबुड्यासारखा वर निसटतो. हे दाखवता येतं. दहा लिटरचा पारदर्शक डबा, तीन चतुर्थांश पाणी, संक्रांतीची दोन-तीन बोळकी. कोरी माती पाणी पिते आणि तिच्यातून बारीक फसफस येते, त्यानं गंमत जाते. म्हणून बोळकी आधी अर्धा तास भिजवून ठेवा. पालथं बोळकं अगदी सरळ खाली दाबा, जरा कललं तर हवा वाटेतच सुटते. तळाला टेकल्यावर हात काढू नका, ते वर उसळतं. एखाद्या लेकराला पुढं बोलवा आणि त्याच्या हातानं कड बोटभर उचलायला लावा.